ठासणीच्या बंदुकीची नळी आणि नेम : गोव्यातील नव्या परवानाधारकांसाठी

सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या तालुक्यांत कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा) आणि शेते सांभाळणाऱ्या अनेक कुटुंबांकडे पीक-संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची, बंदूक आजही आहे. वडिलांच्या पश्चात परवाना मुलाच्या नावावर होतो, बंदूक हातात येते आणि दारू किती, गोळी कशी, दारूला पेट देणारी टोपी कुठे हे घरातले कुणी जाणते माणूस तासाभरात दाखवून देते. नळी धुण्याचा विषय निघतो तो बहुधा गज, म्हणजे गोळी ठासायची लांब काठी, अर्ध्यावर अडकू लागल्यावरच. तोवर नेम चुकल्याचे खापर माशीवर (नळीच्या टोकावरच्या नेम धरण्याच्या खुणेवर), दारूवर, नाही तर बंदुकीच्या वयावर फोडून झालेले असते. खरे कारण बहुतेक वेळा नळीच्या आत साचलेली काजळी हेच असते. ती कशी साचते, गोळी तिच्यामुळे कशी भरकटते आणि आपल्या दमट हवेत नळी कशी राखावी, हे नवख्या माणसाला क्रमाने कळावे, यासाठी हे लिहीत आहे.

एक गोष्ट आरंभीच सांगून ठेवतो. नेमाच्या दृष्टीने नळी चकचकीत असण्यापेक्षा प्रत्येक बाराच्या वेळी ती सारख्याच अवस्थेत असणे अधिक महत्त्वाचे आहे. मात्र गोव्यात ती सारखी ठेवायची तर स्वच्छ आणि कोरडीच ठेवावी लागते, कारण मळलेली नळी इथल्या हवेत सकाळी एक आणि दुपारी दुसरीच असते.

कायद्याची चौकट

भारतात शिकारीला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये बंदी आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीक-संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे; पण त्या परवान्याने रानडुक्कर, गवा किंवा माकड मारण्याचा अधिकार मिळत नाही. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबाबत काही करायचे झाल्यास वन्यजीव अधिनियमाच्या कलम ११ अन्वये सक्षम वन अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. म्हादई, बोंडला, मोले, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांत परवानगीवाचून शस्त्र घेऊन जाता येत नाही आणि अभयारण्यापासून १० किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपले नाव वन विभागाकडे नोंदवावे, अशीही तरतूद कलम ३४ मध्ये आहे. सत्तरी-सांग्यातील बहुतेक गावे या अंतरात येतात, हे नव्या परवानाधारकाच्या लक्षात सहसा आणून दिले जात नाही.

मग नेमाचा विचार कशासाठी, असे कुणी विचारील. ठासणीच्या बंदुकीने नेमबाजीच्या स्पर्धा होतात. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या, या स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या (एमएलएआयसी) नियमांनुसार स्पर्धकाला ३० मिनिटांत १३ बार मिळतात आणि त्यांतले उत्तम १० धरले जातात. अमेरिकेत अनेक राज्यांत अशा बंदुकीसाठी शिकारीचा स्वतंत्र हंगाम असतो, आणि नळीच्या स्वच्छतेविषयीचे बरेचसे व्यावहारिक ज्ञान तिथल्या शिकाऱ्यांनी जमवलेले आहे. एकदा बार काढल्यावर पुन्हा भरायला अर्धा-एक मिनिट लागत असल्याने त्यांच्यासाठी पहिली गोळी हीच एकमेव गोळी असते. आपल्याकडेही लेखी आदेशाने बंदूक चालवण्याची वेळ आलीच, तर नेम चुकून जखमी झालेले डुक्कर माणसाच्या अंगावर येते, किंवा रानात जाऊन दिवसेंदिवस तडफडते. सराव मात्र परवानगी असलेल्या नेमबाजी-मैदानावरच करावा. कुळागराच्या मागच्या डोंगराला लक्ष्य समजून नव्हे.

काळी दारू मागे काय ठेवते

काळी दारू म्हणजे सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. काडतुसातील आधुनिक दारू जळून जवळजवळ सगळी वायुरूप होते. काळी दारू तशी होत नाही. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपातच उरतो. त्यातला काही पांढऱ्या धुराबरोबर बाहेर पडतो आणि उरलेला नळीच्या भिंतीला चिकटतो. या थरात कोळशाच्या कणांबरोबर पोटॅशियमचे क्षार असतात आणि त्यांतला पोटॅशियम कार्बोनेट हवेतले पाणी ओढून घेतो. नळी कोरडी वाटत असली तरी काही तासांत हा थर ओलसर होतो, आणि क्षार, पाणी व लोखंड एकत्र आल्यावर गंज चढायला एक रात्र पुरते.

इथे गोव्याच्या हवेचा एक फायदाही मान्य करायला हवा. कोरड्या हवेत काजळी कडक होऊन खपलीसारखी बसते आणि दुसरी-तिसरी गोळी उतरवणे जड जाते. दमट हवेत ती मऊ राहते आणि गज सहज जातो. त्यामुळे सप्टेंबरात चार बार न पुसता काढता आले म्हणून डिसेंबर-जानेवारीत, घाटाकडून कोरडे वारे येत असताना, तेच जमेल असे धरून चालू नये. ऋतूप्रमाणे बंदूक वेगळी वागते ती याच कारणाने.

काजळी मऊ राहावी ही गरज जुनीच आहे. १८५७ च्या संदर्भात आपण शाळेपासून ज्या चरबी लावलेल्या काडतुसांविषयी वाचतो, ती १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलीची होती, आणि गोळी नळीत सहज उतरावी व काजळी कडक होऊ नये, हाच त्या चरबीचा उद्देश होता. मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याची १८४९ च्या सुमाराची पोकळ बुडाची गोळीही याच अडचणीतून आली. ती नळीपेक्षा किंचित बारीक असल्यामुळे मळलेल्या नळीतूनही खाली जाई आणि बार उडताच तिचे बूड फुगून नळीला घट्ट बसे.

नेम नेमका कुठे बिघडतो

पहिला बिघाड गोळी बसवताना होतो. स्वच्छ नळीत चिंधीत गुंडाळलेली गोळी एका दाबाने दारूवर जाऊन टेकते. काजळी साचली की तीच गोळी कधी जास्त, कधी कमी जोराने ठासावी लागते. दारू कधी घट्ट दाबली जाते, कधी सैल राहते, आणि गोळीचा वेग प्रत्येक बाराला बदलतो. वेग बदलला की गोळी कुठे वर, कुठे खाली लागते, आणि माशी घासून यावर काही उपाय होत नाही.

दुसरा बिघाड धोक्याचा आहे. दारू जिथे जळते त्याच्या थोडे वर, म्हणजे गोळी जिथे बसते त्या जागी, काजळीचे जाड कडे तयार होते. नवखा माणूस गज त्या कड्याला अडकला की गोळी बसली असे समजतो. प्रत्यक्षात गोळी आणि दारू यांच्यामध्ये बोटभर पोकळी राहिलेली असते. अशा अवस्थेत बार काढल्यास नळी फुगू शकते, फाटूही शकते. नेम तर जातोच.

तिसरा बिघाड पेट घेण्यातला. टोपी बसते त्या निपलपासून दारूपर्यंत जाणारे बारीक छिद्र काजळीने किंवा साठवणीच्या तेलाने अर्धवट बुजले की चाप ओढल्यावर टोपी फुटते, क्षणभर काहीच होत नाही आणि मग बार उडतो. तेवढ्या क्षणात हात हललेला असतो, खांदा आधीच धक्क्याच्या अपेक्षेने आखडलेला असतो. पुष्कळ ‘वाईट नेमबाज’ प्रत्यक्षात अस्वच्छ छिद्राचे बळी असतात, असे माझे मत आहे.

चौथा बिघाड हळूहळू होतो आणि पुन्हा दुरुस्त होत नाही. गंजामुळे नळीच्या आत बारीक खड्डे पडतात. त्या खड्ड्यांत काजळी अडकते, घासूनही निघत नाही आणि गोळीभोवतीची चिंधी त्यांवर फाटते. ज्या नळीत पीळदार चर असतात तिथे गोळीला फिरकी मिळते ती या चिंधीमुळेच. चिंधी फाटली की गोळी चर सोडून सरळ निघते. आपल्याकडच्या बहुतेक बंदुका गुळगुळीत नळीच्या आहेत, त्यांच्याकडून ४०-५० मीटरांपलीकडे अचूकतेची अपेक्षा मुळातच ठेवू नये. त्यांत छरे वापरत असल्यास काजळीचा परिणाम एका गोळीइतका तीव्र जाणवत नाही, पण छिद्र बुजणे आणि नळी गंजणे हे दोन्ही तेवढेच होते.

पहिली पायरी : बंदूक रिकामी असल्याची खात्री

वारशाने आलेली बंदूक भरलेली असू शकते. ही शक्यता प्रत्येक वेळी खरी मानूनच सुरुवात करावी. निपलवर टोपी नाही याचा अर्थ आत दारू नाही असा होत नाही, आणि काळी दारू कोरडी राहिल्यास वर्षानुवर्षे तिची ताकद जात नाही.

तपासण्याची रीत सोपी आहे. नळीचे तोंड आपल्यापासून आणि इतरांपासून दूर ठेवून गज अलगद आत सोडावा, तो टेकला की नळीच्या तोंडाशी गजावर पेन्सिलीने खूण करावी, मग गज बाहेर काढून नळीच्या बाजूला धरावा आणि त्याचे आतले टोक बाहेरून कुठपर्यंत येते ते पाहावे. ते निपलच्या जवळपास आले तर नळी रिकामी आहे. दोन-चार बोटे अलीकडेच थांबले तर आत काहीतरी आहे. अशा वेळी पेच लावून गोळी ओढण्याचा किंवा ‘उडवून मोकळी’ करण्याचा प्रयत्न घरी करू नये. टोपी लावू नये, आग जवळ आणू नये, परवानाधारक शस्त्रविक्रेत्याला किंवा कारागिराला आधी कल्पना द्यावी आणि तो सांगेल तशी, परवाना बरोबर बाळगून, बंदूक त्याच्याकडे पोचवावी.

नळी रिकामी असताना केलेली ही खूण बारीक ब्लेडने गजावर कायमची कोरून ठेवावी. पुढे मैदानावर आपली नेहमीची दारू आणि गोळी व्यवस्थित बसल्यावर दुसरी खूण करावी. या दोन खुणा नवख्या माणसाचा सर्वांत मोठा आधार आहेत, कारण काजळीच्या कड्यावर अडकलेली गोळी दुसऱ्या खुणेवरून लगेच ओळखता येते.

दुसरी पायरी : सामान जमवणे

फारसे काही लागत नाही. धुऊन मऊ झालेल्या सुती पंचाचे किंवा जुन्या बनियनचे नळीच्या मापाचे गोल तुकडे, गजाच्या टोकाला बसणारा पितळी जॅग म्हणजे चिंधी धरून ठेवणारा खाचांचा तुकडा, पितळी किंवा नायलॉनचा ब्रश, निपल काढण्याचा नेमक्या मापाचा पाना, दात घासण्याचा जुना ब्रश, बादली, भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बंदुकीचे तेल. पोलादी तारेचा ब्रश नळीत घालू नये. चिंध्यांत टेरिलिनचे कापड नसावे, ते पाणी शोषत नाही.

रॉकेलने नळी साफ करण्याची सवय गावोगाव आहे. रॉकेलने तेलकट मळ निघतो आणि चिंधी काळी होऊन येते, त्यामुळे काम झाल्यासारखे वाटते. पण गंज आणणारे क्षार रॉकेलात विरघळत नाहीत, ते पाण्यातच विरघळतात. डिझेल, पेट्रोल यांचेही तेच, शिवाय आगीचा धोका वेगळा. काळ्या दारूच्या काजळीवर पाण्याइतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय दुसरा नाही. फक्त खाजणालगतच्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीलगतच्या) विहिरीचे मचूळ पाणी वापरू नये, नाही तर क्षार काढता काढता मीठ आत जाईल.

काळ्या दारूऐवजी पायरोडेक्ससारखी पर्यायी दारू वापरणाऱ्या परदेशस्थ गोवेकरांनी एक लक्षात ठेवावे. तिच्यात पोटॅशियम परक्लोरेट असते, तिची राख क्लोराइडयुक्त असल्याने गंज अधिक लवकर चढतो, आणि ‘कमी मळते म्हणून उद्या धुऊ’ हा हिशेब तिथे महागात पडतो. बिनधुराची आधुनिक दारू ठासणीच्या बंदुकीत कधीच, चिमूटभरही, घालू नये, नळी फुटते.

तिसरी पायरी : भरण्यापूर्वी

साठवताना नळीला तेल लावलेले असते आणि तेच पहिल्या बाराचे शत्रू ठरते. तेलाने दारू भिजते, छिद्र बुजते आणि पहिली गोळी बाकीच्यांपेक्षा वेगळीकडे जाते. म्हणून मैदानावर पोचल्यावर, दारूला हात लावण्यापूर्वी, अल्कोहोलमध्ये भिजवलेली चिंधी नळीत वरखाली फिरवावी, नंतर कोरड्या चिंध्या घालाव्यात, आणि शेवटची चिंधी कोरी व कोरडी बाहेर आली की थांबावे.

मग गजाने पुन्हा एकदा नळी रिकामी असल्याचे पाहून, नळीचे तोंड लक्ष्याच्या दिशेने जमिनीजवळ धरावे, तोंडासमोर चार बोटांवर एखादे वाळलेले पान किंवा गवताची काडी येईल असे पाहावे आणि नुसती टोपी लावून चाप ओढावा. छिद्र मोकळे असेल तर टोपीची हवा नळीतून येऊन पान थरथरते, कधी उडूनही जाते. पान जागचे हलले नाही तर छिद्रात तेल किंवा मळ आहे. निपल काढून बारीक तारेने साफ करावे आणि पुन्हा पाहावे. पान हलेपर्यंत दारूची डबी उघडू नये.

चौथी पायरी : दोन बारांच्या मध्ये

दर बारानंतर नळी पुसावी की नाही यावर जुन्या माणसांत मतभेद आहेत. चिंधीला नीट चरबी-मेणाचे वंगण लावले असेल तर तीन ते पाच बार न पुसता निघतात, असे बरेच जण सांगतात आणि ते खोटे नाही. तरीही नवख्या माणसाने दर बारानंतर पुसावे असे मी म्हणेन. त्यात नेमाचा लाभ आहेच, शिवाय नळीत एखादी ठिणगी धुमसत राहिली असेल तर ती पुढची दारू ओतण्याआधी विझते.

पुसण्याची पद्धत महत्त्वाची आहे. चिंधी ओलसर हवी, ओली नको. बोटांत दाबल्यावर पाण्याचा थेंब गळता कामा नये. ती एकदाच सरळ बुडापर्यंत न्यावी, क्षणभर थांबावे आणि एकदाच बाहेर काढावी. गज आत वरखाली करत राहिल्यास सगळी काजळी बुडाशी ढकलली जाते आणि छिद्रात चिखल बसतो. पुढचा बार न उडण्याचे हे नेहमीचे कारण. चिंधी उलटी करून तेच पुन्हा करावे आणि मग एक कोरडी चिंधी घालावी. प्रत्येक वेळी तेवढ्याच चिंध्या, तेवढाच ओलावा, तीच रीत.

गोळी ठासताना गज नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा आणि थोडा थोडा खाली न्यावा. लाकडी गज वर उंच धरून जोर लावला तर तो तिरकस मोडतो आणि त्याचे टोक थेट तळहातात शिरते. गजाच्या वरच्या टोकावर तळवा कधीच ठेवू नये. भरताना डोके आणि छाती नळीच्या तोंडासमोर नसावी. दारू डबीतून थेट नळीत न ओतता वेगळ्या मापातून ओतावी, म्हणजे ठिणगी उरलीच असली तर पेट मापाएवढ्याच दारूला लागेल. गज दुसऱ्या खुणेपर्यंत गेला नाही तर टोपी लावू नये, तिथेच थांबून मैदानावरच्या जबाबदार माणसाला बोलवावे.

चाप ओढल्यावर बार उडाला नाही, तर बंदूक लक्ष्याच्या दिशेनेच धरून किमान दोन मिनिटे थांबावे. नळीत डोकावणे किंवा तोंड लावून फुंकणे, या दोन जुन्या सवयी कुणी शिकवल्या तरी शिकू नयेत.

जाता जाता एक गंमतीचे काम करावे. बार काढण्याचे थांबवल्याचा इशारा झाल्यावर पुढे जाऊन जमिनीवर पडलेल्या चिंध्या उचलून पाहाव्यात. चिंधी गोल आहे, मध्ये काळा डाग आणि कडा थोड्या उसवलेल्या आहेत, तर सगळे ठीक. कडांना ताजे चिरे पडले असतील तर नळीचे तोंड किंवा आतला पृष्ठभाग खरबरीत आहे. मध्येच जळून भोक पडले असेल तर चिंधी पातळ आहे किंवा वंगण कमी आहे. नळीच्या आतली इतकी नेमकी बातमी दुसरे काहीच देत नाही.

पाचवी पायरी : घरी आल्यावर धुणे

हे काम त्याच दिवशी, शक्यतो जेवणाआधी करावे. बंदूक रिकामी असल्याचे गजाने पाहावे. ज्या बंदुकीची नळी पाचर काढून दस्त्यापासून सुटते तिची नळी वेगळी करावी. आपल्याकडच्या पुष्कळ बंदुकांत नळी पट्ट्यांनी आणि स्क्रूने पक्की बसवलेली असते. ती दरवेळी उखडू नये, लाकूड फाटते. तिथे फक्त निपल काढावे आणि पाणी दस्त्यात झिरपू नये म्हणून निपलच्या भोवती जुने फडके गुंडाळावे.

सुटी नळी कोमट पाण्याच्या बादलीत बुडाकडून उभी करावी. जॅगवर घट्ट बसणारी ओली चिंधी लावून गज वरखाली केला की निपलच्या भोकातून पाणी आत ओढले जाते आणि बाहेर फेकले जाते. पाणी पडताच गंधकाचा उग्र वास सुटतो आणि पहिले पाणी काळेभोर येते. ते ओतून द्यावे, दुसऱ्या पाण्यात साबणाचे दोन थेंब घालावेत, तिसरे पाणी साधे घ्यावे. नळी सुटत नसेल तर निपलच्या भोकात बारीक रबरी नळी घट्ट बसवून तिचे दुसरे टोक बादलीत सोडले तरी तेच साधते. ब्रश लागतो तो बुडाजवळच्या कड्यासाठी. तिथे तो चार-पाच वेळा फिरवावा.

उकळते पाणी वापरावे, नळी तापून आपोआप वाळते, असा जुना सल्ला आहे. तो चुकीचा नसला तरी तापलेल्या उघड्या लोखंडावर तिथल्या तिथे पिवळसर गंजाचा पातळ थर येतो, आणि तो पुसण्याचे काम वाढते. म्हणून मी कोमट पाण्याच्या बाजूचा आहे. कोमट पाण्यात क्षार तितकेच विरघळतात.

त्यानंतर कोरड्या चिंध्या, एकामागून एक. पहिली काळपट, पुढची राखाडी, मग नुसती ओलसर आणि शेवटी कोरडी. किती लागतील हे चिंधीच सांगते. मग एक चिंधी अल्कोहोलची, म्हणजे खाचाखोचांतले उरलेले पाणी उडून जाते. निपल साबणाच्या पाण्यात ब्रशने घासून, त्याच्यातून आरपार उजेड दिसतो ना ते पाहून, वाळवून, आट्यांना किंचित वंगण लावून परत बसवावे. घोड्याच्या, म्हणजे टोपीवर आपटणाऱ्या भागाच्या, तोंडाची खोलगट बाजू आणि निपलभोवतीची जागा पुसण्यास विसरू नये, टोपीचा मळ तिथेच उडतो. शेवटी बंदुकीच्या तेलाची एक चिंधी नळीत फिरवावी.

खोबरेल तेलाविषयी नेहमी विचारले जाते. ठासताना चिंधीला लावण्यासाठी ते चालते, कारण वनस्पतिजन्य तेलाने काजळी मऊ राहते आणि खनिज तेलासारखा डांबरट थर बसत नाही. साठवणीसाठी मात्र ते नको; महिनोन्महिने राहिले की चिकट होते आणि थंडीच्या सकाळी २४ अंशांच्या खाली ते थिजते. साठवणीला खनिज तेल आणि बार काढताना चरबी, मेण किंवा वनस्पतिजन्य तेल, एवढी विभागणी पाळली तरी निम्मे प्रश्न सुटतात.

सहावी पायरी : दुसरा दिवस आणि पावसाळा

धुतलेल्या नळीत दुसऱ्या दिवशी एक स्वच्छ चिंधी घालून पाहावी. ती तपकिरी आली तर कुठेतरी क्षार किंवा पाणी राहिले आहे. पुन्हा धुवावे, नुसते वरून तेल चढवू नये. तेलाखालचा क्षार आपले काम चालूच ठेवतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आणखी एकदा पाहावे आणि चिंधी स्वच्छ आली की मग निश्चिंत व्हावे.

जून ते सप्टेंबर या काळात दर आठवड्याला चिंधी घालून पाहणे आवश्यक आहे. बंदूक चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, भिंत पाणी धरते. चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या पिशवीत ती महिनोन्महिने बंद ठेवू नये; कुलूपबंद लाकडी किंवा लोखंडी कपाट, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, हे बरे. उभी ठेवायची तर तोंड खाली करून ठेवावी, म्हणजे जादा तेल निपलच्या छिद्रात न उतरता तोंडाकडे येईल आणि खालच्या फडक्यात जिरेल. ओल जाऊ नये म्हणून नळीच्या तोंडात बोळा कोंबण्याची पद्धत टाळावी. तो काढायचा राहून गेला आणि बार काढला तर नळी फाटते.

आपल्या बंदुकीचा स्वभाव नोंदवणे

नळी सारखी ठेवता येऊ लागली की मगच माशीचा विचार करावा. गुळगुळीत नळीसाठी २५ मीटर, चर असलेल्या नळीसाठी ५० मीटर अंतर घ्यावे आणि टेकूवर बंदूक ठेवून, दर बारानंतर त्याच रीतीने पुसून, पाच गोळ्या एकाच कागदावर माराव्यात. दुसऱ्या कागदावर न पुसता पाच माराव्यात, गज कितव्या बाराला जड झाला तेही लिहावे; गज अडू लागला की मोजणी अर्धवट सोडून पुसून घ्यावे. दोन्ही कागद शेजारी धरले की पुसण्याचा फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही.

धुतलेल्या, तेल पुसलेल्या नळीतून निघालेली पहिली गोळी वेगळ्या कागदावर घ्यावी, आणि हा कागद जपून ठेवून प्रत्येक खेपेला त्याच्यावरच पहिली गोळी मारावी. ही गोळी एका धुण्यामागे एकच मिळते, म्हणून या कागदावर चार-पाच भोके पडायला काही महिने जातात. ती सगळी मध्याच्या वर-डावीकडे एका जागी जमली असतील तर काळजीचे कारण नाही, कारण ती कुठे जाणार हे आपल्याला ठाऊक झाले. ती चारही दिशांना विखुरली असतील तर तेल पुसण्यात दर वेळी फरक पडतो आहे, आणि तिसऱ्या पायरीकडे परत जावे.

परदेशातले काही शिकारी मुद्दाम एक मळवणीचा बार काढून, तशीच नळी दिवसभर घेऊन फिरतात, म्हणजे पुढची गोळी मळलेल्या नळीच्या नेमाने जाते. कोरड्या थंड प्रदेशात ते चालत असेल. आपल्याकडे दुपारपर्यंत ती काजळी पाणी पिऊन बसते, सकाळचा नेम दुपारी उरत नाही आणि रात्री गंज चढतो; त्यामुळे स्वच्छ नळीच्या पहिल्या गोळीवर माशी जुळवणे हाच इथला व्यवहार्य मार्ग आहे.

छिद्र मोठे करणे, नळी कापणे, आतून घासून गुळगुळीत करणे असले प्रयोग स्वतः करू नयेत. शस्त्र अधिनियमानुसार दुरुस्तीचे काम परवानाधारक कारागिराचेच आहे, आणि नळी आखूड करण्यावर वेगळे निर्बंध आहेत. बंदूक धुण्यासाठी शेजाऱ्याच्या किंवा कामगाराच्या हवाली करणेही कायद्यात बसत नाही. ती धुण्याचे काम परवाना ज्याच्या नावावर आहे त्याचेच.

निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली की परवान्यावरच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघतो आणि त्या तिथे अनेक आठवडे राहतात. जमा करण्याच्या आदल्या दिवशी नळी धुऊन, वाळवून, नेहमीपेक्षा जाड तेल लावावे, निपल आणि घोड्यालाही लावावे, आणि बंदूक रिकामी असल्याचे ठाण्यावरच्या अंमलदाराला गज घालून दाखवावे. पावतीवर बंदुकीचा क्रमांक बरोबर लिहिला आहे ना ते तिथेच वाचून घ्यावे. परत मिळाल्यावर गजाची खूण पुन्हा पाहावी, चिंधी घालून तिचा रंग पाहावा, आणि तपकिरी आली तर मैदानावर जाण्याआधी पाचवी पायरी पूर्ण करावी.